कोपऱ्यातल्या चौकटीतले भाऊजी

इस्त्री तापलेली आहे. भाऊजींच्या काळ्या शर्टाची एक बाही झाली, दुसरी राहिली. सासूबाई आत कपडे बदलताहेत, तोवर लिहून घेते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. टीव्हीवर बातम्या चालू असताना खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट असते आणि तिच्यात एक माणूस हातवारे करत असतो, ते आमचे भाऊजी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ते बोललेलं सगळं खुणांच्या भाषेत सांगतात. हात उठून दिसावेत म्हणून शर्ट काळा, तोही बिनखिशाचा. ही भाषा ते कुठल्या वर्गात शिकले नाहीत. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. भाऊजी बोलायला लागले तेच मुळी हातांनी. मी लग्न होऊन आल्यावर शिकले. सासूबाई अजून म्हणतात, "तुझे हात तोतरे आहेत."

या भाषेत निम्मं काम चेहरा करतो. हात तेच, पण भुवया वर गेल्या तर प्रश्न, नाहीतर हुकूम. आणि भाऊजींच्या कामाचा नियम असा, की बोलणारा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं, तो चिडला की आपणही चिडायचं आणि सरळ कॅमेऱ्यात बघायचं. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

आधी त्यांच्याकडे हवामानाच्या बातम्या होत्या. ढग असे हलक्या हाताने आणायचे की सासूबाई खुर्ची ओढून टीव्हीला चिकटून बसायच्या. मग निवडणूक लागली आणि त्यांना संध्याकाळच्या चर्चेवर घातलं.

चर्चा कसली! एक म्हणे, तुझी लायकी काय? दुसरा म्हणे, तुझ्या आईला विचार. तिसरा सगळ्यांना कुत्री म्हणून मोकळा. सभांमध्येही हीच भाषा. आमच्या ह्यांना मजा यायची. "धुतला रे धुतला!" म्हणून मांडीवर थाप मारायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. सुरुवातीला कानावर हात जायचा, नंतर नळ चालू राहिल्यासारखं वाटायला लागलं.

सासूबाईंना तो आरडाओरडा ऐकू येत नव्हता. त्यांना एवढंच दिसायचं, की आपला मुलगा दात विचकून, बोट रोखून, आपल्या डोळ्यांत बघून शिव्या देतोय.

मी समजावलं, "आई, ते शब्द भाऊजींचे नाहीत."

"ठाऊक आहे मला," त्यांचे हात म्हणाले. "पण तोंड कुणाचं आहे?"

भाजीवाल्यानेही एकदा टोला मारला, "काय ताई, काल तुमचे दीर कुणाच्या आईवर घसरले होते?" मी भेंडी निवडत राहिले.

भाऊजी घरी आले की आधी तोंड धुवायचे, आणि चेहऱ्यावर काहीच उरायचं नाही. "औषध घेतलंस का?" हे आईला विचारताना भुवया जागच्या हलायच्या नाहीत. सासूबाईंना वाटायचं, हा हुकूम सोडतोय.

"भाऊजी, चेहरा!" मी म्हणायची.

"तो तिथेच संपतो, वहिनी. घरी आणायला उरत नाही. मुद्दाम नाही करत मी."

त्यात सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकू न येणाऱ्या बाईची नजर गेली तर तिचं बोलणंच गेलं. पण ऑपरेशनचा विषय काढला की त्या पाठ फिरवायच्या. आमच्या घरात पाठ फिरवली की बोलणं संपतं. मागून हाक मारता येत नाही. एकदा मात्र म्हणाल्या, "धूसर आहे तेच बरं. लख्ख दिसून काय बघू? ते तोंड?"

भाऊजी दारातच उभे होते. त्यांनी ते पाहिलं. चप्पल काढून ठेवली, हात धुतले, जेवायला बसले.

हे सगळं संपू दे, म्हणून मी देवापुढे बसले. मग मनात आलं, दोन्ही पक्षांची माणसंही अशीच हात जोडून समोरच्याचं वाटोळं मागत असतील. काही न मागता उठले.

काल प्रचारातली शेवटची चर्चा. सगळे एकदम ओरडायला लागले. एरवी भाऊजी घाईघाईने एकेकाचं पकडतात. काल त्यांनी हात खाली सोडले. मग एकदाच उचलून सांगितलं, "सगळे एकदम ओरडताहेत. सांगण्यासारखं काही नाही." आणि नुसते उभे राहिले.

सासूबाई हल्ली चर्चेच्या वेळी खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात. मी त्यांच्या खांद्यावर थापटलं. त्या उठून, नाक काचेला लागेल इतक्या जवळ गेल्या.

"आजारी आहे का तो?"

"नाही. आज शिव्या द्यायच्या नाहीत म्हणून थांबलेत."

त्या तशाच बघत राहिल्या.

आज सकाळी भाऊजींना फोन आला. एका पक्षाचे म्हणे, आमच्या नेत्याचं बोलणं मुद्दाम दाबलं. दुसऱ्या पक्षाचीही तीच तक्रार. आता येऊ नका, कळवू, असं ऑफिसने सांगितलं. भाऊजींनी ते आम्हाला उद्या ढग असतील म्हणावं तसं सांगितलं.

"अरे, शेवटचा तर दिवस होता, कळ काढायची!" हे म्हणाले. "शिव्या काय तुझ्या खिशातून जात होत्या?"

"माझ्या शर्टाला खिसा नसतो, दादा."

हसलं कुणीच नाही.

सासूबाई भाऊजींच्या समोर येऊन बसल्या. दोन्ही अंगठ्यांनी त्यांच्या भुवया वर ढकलल्या. सोडल्या, तर खाली आल्या. पुन्हा ढकलल्या, पुन्हा खाली. भाऊजी लहान मुलासारखे बसून राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरांना सांग, डोळे करून टाका. याचा चेहरा परत येईल तेव्हा मला नीट दिसायला हवा."

"नाही आला तर?" भाऊजींच्या हातांनी विचारलं. भुवया तशाच. तरी या वेळी तो प्रश्न आहे हे सासूबाईंना कळलं.

"तर तेही मीच बघेन."

आता या शर्टाला इस्त्री कशासाठी, ठाऊक नाही. रोजच्या सवयीने हाताला लागला म्हणून करत होते. सासूबाई तयार होऊन दारात उभ्या आहेत, हाताने "चल" म्हणताहेत. इस्त्री बंद केली, बाही राहिली. त्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात जाते, ऑपरेशनची तारीख घ्यायला.