दसऱ्याला पूजलेलं रेड कार्ड

इथले अनुभव मी वर्षभर गुपचूप वाचतेय आणि खरं सांगते, बहुतेक वेळा चिडून बंद करते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... अरे, जरा दिवा लावून बघा ना. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. गिऱ्हाईक "आपोआप झालं" म्हणालं की समजायचं, यानेच काहीतरी करून ठेवलंय. अशा बाईवर हे लिहायची वेळ आली, याचाच आधी राग येतोय.

गाव बऱ्हाणपूर. इतवाऱ्यात माझ्या वडिलांच्या मित्राचा, मोहनकाकांचा, फोटो स्टुडिओ होता. तेव्हा सगळ्यांनाच जुनं-नवं एका सर्वरवर साठवायचं खूळ लागलं होतं. काकांनी आजवर शूटिंग केलेली सगळी लग्नं सर्वरवर चढवली आणि कॅसेटी भंगारात दिल्या. मी नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण! सर्वर मीच बसवला होता. तो चालवणारी सिस्टीम, लिनक्स, एका छोट्या डिस्कवर वेगळी, आणि लग्नांसाठी चार मोठ्या डिस्क. त्या चौघींना एकत्र बांधतं ते रेड (RAID) कार्ड, लाल नव्हे. व्हिडिओचे तुकडे होऊन चारही डिस्कवर पसरतात, आणि कुठला तुकडा कुठे ते कार्डालाच माहीत. त्या कार्डाशी बोलायला लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. कार्डच नसेल तर ड्रायव्हर बोलणार कुणाशी? एवढं लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. सर्वर काहीच दाखवत नाही म्हणे, आपोआप झालं. गेले तर सर्वरला झेंडूचा हार.

हळूहळू एकेक बाहेर आलं. दसऱ्याला दुकानातल्या प्रत्येक मशिनीची पूजा होते, कॅमेऱ्याची, प्रिंटरची, लाईटच्या स्टँडचीसुद्धा. सर्वरला बाहेरून कुंकू लावून काकांचं मन भरेना. खरं काम आतल्या डिस्क करतात, मग त्या पूजेशिवाय कशा ठेवायच्या? म्हणून चारही ओढून काढल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. सर्वरचं झाकण उघडून आत फुलाने पाणी शिंपडलं. मग डिस्क हाताला येतील तशा परत खुपसल्या. चालू केल्यावर कार्डाने विचारलं, जुनी मांडणी सापडत नाही, पुसून नवीन करू का? आणि काकांनी होय केलं.

मी विचारलं, न वाचता होय का केलंत? तर म्हणाले, "अरे बेटा, सणाच्या दिवशी मशिनीला नाही कसं म्हणायचं?"

मला त्या हारासकट सर्वर उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला. वर, पाणी गेलेलं ते कार्ड रात्रभर चालू राहून जळालंही होतं. मी ते काढून टेबलावर ठेवलं, चारही मोठ्या डिस्क काढून शेजारी ठेवल्या. नवीन कार्ड इंदूरहून यायला आठवडा. आणि आलं तरी काय उपयोग, काकांनी होय म्हटलं होतं ना.

तेवढ्यात जवळच्या जसोंडी गावच्या कमलमावशी आल्या. त्यांची मुलगी सुनीता बाळंतपणात गेली. नात पाच वर्षांची, आजीकडेच वाढलेली. जावयाने दुसरं लग्न केलं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी पोरीला सुरतेला घेऊन जाणार होता. सुनीताच्या लग्नाचं शूटिंग काकांनी केलेलं. मावशीला त्याची सीडी नातीच्या पिशवीत टाकायची होती. काकांनी त्यांना दसरा झाला की या, असं सांगून ठेवलेलं.

आता काका काय म्हणाले असतील? पुढच्या आठवड्यात या. मान वर न करता. माझं डोकं सणकलं. मी मावशींना सरळ सांगितलं की पुढच्या आठवड्यातही मिळणार नाही, सगळं पुसलं गेलंय. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत, आणि त्याने मी आणखीच चिडले.

त्या एवढंच बोलल्या, "फोटो तं घरी हायेत व माय. पोरीनं आईचा आवाजच आयकेल नाही, म्हनून आली होती."

आणि बाकड्यावर बसून राहिल्या. उठेचनात.

मला तिथे उभं राहवेना. हाताला काम हवं म्हणून मी सर्वर नुसता त्या छोट्या डिस्कवर चालू केला. म्हटलं, जुना ड्रायव्हर तरी काढून टाकू, नवीन कार्डाला दुसरा लागेल. कर्नलचा लॉग (त्याची नोंदवहीच म्हणा) उघडला आणि बघतच राहिले. ड्रायव्हर सांगत होता – कार्ड मिळालं, चारही डिस्क ठीक, व्हॉल्यूम तयार.

मी जुना लॉग समजून वेळ पाहिली. आत्ताची होती. वळून टेबलाकडे पाहिलं. कार्ड तिथेच, डिस्क तिथेच, त्यांच्यावरचं कुंकू वाळलेलं. भरदुपारची गोष्ट आहे, बाहेर कपड्याच्या दुकानात भाव चालले होते. मी तो व्हॉल्यूम, चार डिस्कची मिळून होते ती जागा, उघडला. शेकडो लग्नांपैकी आत एकच फोल्डर होतं, सुनीताचं.

मी काही विचार केला नाही. बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि कॉपी सुरू केली. डाव्या हातात ते जळकं कार्ड घट्ट धरून बसले, कुणी परत मशिनीत घातलं तर... काय मूर्खपणा! काका मागे हात जोडून उभे. कॉपी संपली आणि लॉगमध्ये ओळ आली – कार्ड सापडत नाही. पुन्हा कितीदा चालू केलं, तेच.

व्हिडिओ अख्खा चालला. पाठवणीच्या वेळी सुनीता आईचे डोळे पुसत म्हणते, "रडू नको व आई, हाक मारली का येते मी."

मावशींनी पदर तोंडाशी धरला. काका म्हणाले, इच्छापूरच्या देवीची कृपा. तेव्हा मात्र मी भडकले. देवीचं नाव घेऊन स्वतःचं पाप धुऊ नका, म्हटलं. बाकीच्या लग्नांचं काय सांगणार आहात लोकांना? वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

आता कुणी लिहील, मेमरीत राहिलं असेल. नाही राहत. मशीन बंद करून चालू केलं होतं आणि फाईल मेमरीपेक्षा कितीतरी मोठी होती. इंदूरच्या एका जाणकाराला सांगितलं, तो हसला. मीही हसले असते. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जळलेलंच.

सीडी पोरीबरोबर सुरतेला गेली. मावशी म्हणतात, ती रोज लावते आणि त्या एका वाक्यावर थांबवते. मग हाक मारते. मारून वाट बघते.

जे कुणी होतं त्या दिवशी, त्याला मला एकच विचारायचंय. एवढं येत होतं तुला, तर आवाजच का आणलास? आईच का नाही?