तुकडा दाखवा, मग बोला

आमच्या गल्लीच्या टोकाला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे 'तुकडावाल्या मावशी' म्हणतात, कारण घरातल्या वायरचा कापलेला तुकडा बघितल्याशिवाय त्या साधा कनेक्टरही विकत नाहीत. मला हा शुद्ध आगाऊपणा वाटायचा.

त्या दिवशी तर डोकंच फिरलं. संध्याकाळी वडील इस्पितळातून घरी येणार होते आणि त्यांचं श्वासाचं मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं होतं. खोलीतल्या जुन्या वायरला नवी जोडून मशीनसाठी वेगळा प्लग काढायचा, एवढंच काम. पण मावशी ढिम्म हलेनात.

"तुकडा?"

"अहो मावशी, कनेक्टर मागतोय, मुलगी नाही!"

"मुलगी एकवेळ न बघता देईन," त्या म्हणाल्या.

पाय आपटत घरी गेलो, मेन बंद केला, तुकडा कापून आणला. मावशींनी तो चाकूने खरवडला, दोनदा वाकवला. तिसऱ्यांदा तो कटकन मोडला.

"अ‍ॅल्युमिनियम. तुमची नवी वायर तांब्याची. या दोघींना पीळ देऊन बांधलं की सांधा आतल्या आत तापत जातो. आधी कुठे जोडलंय का असं?"

मी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी हीटरसाठी मीच जोडलं होतं, वरून झकास टेप गुंडाळून. वडिलांच्या उशाशीच.

मावशींनी शटर ओढलं आणि माझ्याबरोबर घरी आल्या. भिंतीवरची सांध्याची डबी उघडली, तर माझा टेप करपून कुरकुरीत झालेला. हात लावताच गळून पडला. दोन वर्षं वडील या विस्तवाशेजारी झोपत होते आणि मी स्वतःवर खूश होतो. मावशी एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. जळका भाग कापून त्यांनी दोन्ही धातूंना चालणारा, बरोबर त्याच जाडीचा कनेक्टर बसवला. आत दोन तारा मधल्या धातूच्या पट्टीला वेगवेगळ्या जोडलेल्या, एकमेकींना शिवतसुद्धा नव्हत्या. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत केवढी अक्कल! स्क्रू आवळून त्या एकेक तार ओढून बघत होत्या, आणि मी तोंडात बोट घालून उभा.

संध्याकाळी वडील आले, तेव्हा त्या परत हजर. मशीन सुरू झालं. आई, बायको, मी, सगळे वडिलांच्या छातीकडे बघत होतो. मावशी मात्र आमच्याकडे पाठ करून, डबीवर हात टेकून उभ्या. चांगला तासभर.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे वळून त्यांनी पहिल्यांदा वडिलांकडे बघितलं.