रिकामी तिसरी लाइन

रेल्वेच्या इंजिन-शेडमधून रिटायर झाल्यावर बाबांनी के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत, टेबलभर खेळण्यातली रेल्वे मांडली. रूळ झाले, स्टेशन झालं. इंजिनांची शेड तेवढी राहिली आणि बाबा गेले. ती मी खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांनी बांधायची ठरवली. कॉम्प्युटरवर डिझाइन करायला बसलो. इंजिनं दोन, म्हणून लाइनी दोन.

आईने स्क्रीनकडे पाहिलं. "तिसरी कुठाय? ह्यांनी त्यांच्या शेडमध्ये एक लाइन कायम रिकामी ठेवली. बंद पडलेलं इंजिन ओढून आणलं, तर उभं कुठे करायचं?"

"आई, खेळणं आहे ते! इथे काय बंद पडणार आहे?"

"सरी, बरं," असं कानडी-मराठीत म्हणून ती उठून गेली. मी चरफडत भिंत सरकवली, तिसरी लाइन घातली, तिला वेगळं दारही दिलं.

शेड उभी राहिल्यापासून संध्याकाळी बाहेरून, खऱ्या स्टेशनाकडून इंजिनाचा हॉर्न ऐकू आला की आई जाऊन तिसऱ्या लाइनीचं ते बोटभर दार उघडून यायची. बाबांना कामावर उशीर व्हायचा तेव्हा घराची कडीही ती अशीच काढून ठेवायची. "बिजागरी तुटेल गं!" मी खेकसायचो.

परवा आई धारवाडला मावशीकडे गेली. संध्याकाळी हॉर्न वाजला. मी जागचा हललो नाही. पुन्हा वाजला, तेव्हा स्वतःवरच चिडत उठलो आणि तिसऱ्या लाइनीचं दार उघडलं.

मग बाहेरच्या खोलीत येऊन घराची कडीही काढली.