तुल्तुलला नवं काम

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०१४. सकाळी ऊन, दुपारी ढग. चर्चमध्ये मिस्सा आटोपून वस्तीच्या कार्यालयात गेले. समजुतीच्या कागदावर सही केली. मुदत तीस दिवस, ६ नोव्हेंबरपर्यंत. तुल्तुल सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात एकोणीस वेळा भुंकला. जेवायला भाजलेलं वांगं, अंड्यात घोळवून.

सही करताना काय वाटलं, हे फेलीबाईंनी लिहिलं नाही. शाळेत नन्सनी शिकवलं होतं, घडलं ते डायरीत लिहावं आणि वाटलं ते पाद्रीबाबांच्या कानावर घालावं. बासष्ट वर्षं त्या तसंच लिहीत आल्या होत्या.

कागदावरची अट साधी होती. शेजारचा रोएल कॉल सेंटरमध्ये रात्रभर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि सकाळी आठला येऊन झोपायचा. तीस दिवसांत कुत्र्याचं भुंकणं थांबलं नाही, तर कुत्रा पासी गावी, फेलीबाईंच्या पुतण्याच्या डुकरांच्या वाड्यावर जायचा. तिथे कुत्रे साखळीने खांबाला बांधतात आणि ते खांबाशीच म्हातारे होतात. पुतण्या दुष्ट नव्हता. कुत्रा म्हणजे तेवढंच, अशी त्याची समजूत होती.

रोएलही दुष्ट नव्हता. कार्यालयात तो मान खाली घालून बसला होता.

"लोला, त्याच्यावर माझा राग नाही हो," तो म्हणाला; लोला म्हणजे आजी. "पण सलग दोन तास झोपलोय असा दिवस मला आठवत नाही. परवा झोपेच्या गुंगीत मी फोनवरच्या बाईंना 'गप रे, तुल्तुल' म्हणालो."

वस्तीचे प्रमुख, कप्तान दिओनिसियो यांनी हसू लपवायला कागद तोंडापुढे धरला. फेलीबाई हसल्या नाहीत.

तुल्तुल नवऱ्याचा कुत्रा. गिमारास बेटावर मिठाची पांढरी वीट होते, तिचं नाव एमिलियोने त्याला दिलं होतं. एमिलियो गिमारास ते इलोइलो प्रवासी होडी चालवायचा आणि तुल्तुल नऊ वर्षं होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभा असायचा. मार्चमध्ये एमिलियो गेला. होडी विकली. कुत्रा इलोइलोतल्या जारो भागातल्या या गल्लीत, लाकडी घरात येऊन बसला.

पहिले पाच दिवस फेलीबाईंनी सगळे ठरलेले उपाय केले. पडदे ओढले, रेडिओ लावला, रागावून पाहिलं, पहाटे नदीपर्यंत फिरवून आणलं. कुत्रा सोळावर आला आणि तिथेच अडकला. गल्लीतल्या रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, म्होरकी प्रेसी ही त्यांची शाळासोबतीण. ती म्हणाली, सरळ तोंड बांध त्याचं.

"शाळेत सगळ्यात जास्त तू बोलायचीस," फेलीबाई म्हणाल्या. "तुझं कुणी बांधलं होतं का?"

रविवारी त्यांनी डायरीची पानं समोर घेतली. प्रत्येक भुंकण्याची वेळ होती, आणि त्याआधी काय घडलं तेही. ताहो, म्हणजे सोयाबीनचा गोड पदार्थ, विकणारा ओरडत गेला, कुत्रा गप्प. जीपचा भोंगा, गप्प. पण गल्लीत ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा, येऊन तिचं इंजिन मंदावलं, की भुंकणं. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच.

मग त्यांच्या लक्षात आलं. धक्का जवळ आला की एमिलियो इंजिन मंद करायचा, आणि डुलक्या घेणारे प्रवासी जागे व्हावेत म्हणून तुल्तुल भुंकायचा. लोक पिशव्या उचलायचे, त्याची पाठ थोपटायचे. कुत्रा गल्लीत कुणाशी भांडत नव्हता. नोकरी करत होता.

म्हणजे त्याला दुसरी नोकरी हवी होती.

लाकडी जमीन चमकवायला त्या दर शनिवारी नारळाच्या अर्ध्या सोडणावर पाय ठेवून ती घासत. तसलंच एक कोरं सोडण त्यांनी घेतलं. सुकी मासळी दोन पाण्यांत उकळून खारटपणा काढला, तिचे कण काथ्यात खोल दडवले आणि सोडण तुल्तुलपुढे ठेवलं. डायरीत नोंद आहे: पंचवीस मिनिटं, नाक वर केलं नाही.

त्यानंतर घराचं रूपच पालटलं. बांबूच्या नळीला भोकं पाडून तीत भाताची सुकी ढेकळं भरली. नळी लोळवली की एकेक पडायचं. एमिलियोच्या जुन्या गंज्यांच्या चिंध्या टोपलीत भरून तळाशी रताळ्याचा तुकडा लपवला. आणि नियम एकच: ट्रायसिकल मंदावली की लगेच खेळ पुढ्यात यायचा, भुंकण्याआधी. त्यासाठी फेलीबाईंना कुत्र्याआधी ऐकणं भाग होतं. त्र्याहत्तराव्या वर्षी त्या आठ ते तीन खिडकीत ठाण मांडून बसल्या. चर्चच्या बायकांची सभा चुकवली, नणंदेच्या मुलीच्या बाळाचा बाप्तिस्मा चुकवला. सोळाचे अकरा झाले, अकराचे बारा, मग सात. बाराच्या दिवशी त्यांनी आकड्याखाली रेघ मारली आणि नवीन सोडण आणलं.

मग केळीचं पान. रताळ्याचे तुकडे पानात गुंडाळून त्यांनी पानाच्याच पट्टीने बांधले. चार दिवसांत तुल्तुल दातांनी गाठ सोडवायला शिकला. इंजिन मंदावलं की तो आता स्वतःच उठून पुडी शोधू लागला. फेलीबाईंना इतका आनंद झाला, की एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

बावीस तारखेला रोझरी त्यांच्या घरी होती. मारियामातेची मूर्ती आली, तिच्यापुढच्या बुटक्या टेबलावर प्रेसीने आणलेले दोन डझन सुमान ठेवले. चिकट भाताचे ते मुटके, केळीच्या पानात गुंडाळून पानाच्याच पट्टीने बांधलेले. लितानीची प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. बाहेर कुणा उशिरा येणाऱ्या बाईची ट्रायसिकल मंदावली. भुंकणं ऐकू आलं नाही. फेलीबाईंनी मनोमन मातेचे आभार मानले आणि डोळे घट्ट मिटले.

डोळे उघडले तेव्हा जमिनीवर अकरा पानं होती, एकही न फाटलेलं. तुल्तुल बारावी गाठ सोडवत होता.

"पहाटे चारला उठून केलेत मी ते," प्रेसी म्हणाली. "मारियामातेच्या आधी तुझा कुत्रा जेवला, फेली. शिकवलं तरी कोणी?"

"मी," फेलीबाई म्हणाल्या. "चूक माझी. उद्या दोन डझन करून देते."

गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. काहीजणी म्हणाल्या, असा कुत्रा पासीलाच बरा. फेलीबाईंनी सुमान करून पोचवले, कुत्र्याला एक दिवस पातळ पेजेवर ठेवलं आणि पुड्या मक्याच्या पानांच्या करायला लागल्या. डायरीत बावीस तारखेच्या पानावर एवढंच आहे: ट्रायसिकल ४.५०. भुंकणं शून्य. सुमान अकरा.

सहा नोव्हेंबरला सगळे पुन्हा कार्यालयात बसले. प्रेसी साक्षीला आली होती. कप्तानांनी रोएलला विचारलं. तो म्हणाला, गेल्या दहा दिवसांत फार तर दोनदा भुंकला. कप्तानांनी शिक्का उचलला.

फेलीबाईंनी डायरी उघडली. "पाच वेळा."

प्रेसीने त्यांना कोपराने ढोसलं. "तो दोन म्हणतोय ना बाई, मग तू कशाला?"

"पाच घडले," त्या म्हणाल्या, आणि तारखा-वेळा वाचून दाखवल्या.

कप्तान अवघडले. "मनांग," ते थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले, "कागदावर 'थांबलं नाही तर' असं आहे. पाच म्हणजे थांबलं नाही."

"नाही थांबलं. एकोणीसचे पाचावर आलेत, तेही दहा दिवसांत मिळून. मला आणखी मुदत द्या. नाही दिलीत तरी उद्या सकाळी आठला मी खिडकीतच असेन. साखळीला मी त्याला देणार नाही."

रोएलने डायरी आपल्याकडे ओढली आणि बोटाने ओळी वाचल्या.

"या तीन वेळा मी झोपलो होतो?"

"हो. तुझी खिडकी बंद होती."

त्याने डायरी फेलीबाईंकडे परत सरकवली. मग म्हणाला, "कॅप, मी झोपेसाठी तक्रार केली होती. झोप मला मिळतेय. ते 'भुंकणं थांबलं नाही तर' खोडा. 'रोएलला झोप मिळाली नाही तर' असं लिहा."

"आणि मुदत?"

"मुदत कशाला? तीही खोडा."

कप्तानांनी खोडलं, वर लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. परत येताना प्रेसी गल्लीभर बोलत होती. फेलीबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. कोपऱ्यावर एक ट्रायसिकल वळत होती, आणि त्या भरभर चालू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: गुरुवार, ६ नोव्हेंबर. दिवसभर ऊन. कागद बदलला, तुल्तुल घरीच. ट्रायसिकल सहा, भुंकणं एक. तांदळाच्या डब्यात किडे झालेत, उद्या तांदूळ उन्हात घालायचे.