लिंटेलखालून

आमच्या नव्या घराच्या मुख्य दारावरचं लिंटेल, म्हणजे चौकटीवरची काँक्रीटची आडवी तुळई, नुकतंच भरलं आहे. सिमेंट अजून ओलं, म्हणून खाली दारातच बांबूचे टेकू उभे आहेत. आज सकाळी चौकटीची पूजा होती. आमच्याकडे चौकटीला आतून-बाहेरून पहिलं हळदीकुंकू बहिणीने लावायचं असतं. माझी धाकटी बहीण मंदा ताट घेऊन आली. अंगाने भरलेली, टेकूंमधून आत शिरताना अडकली.

समोर चार माणसं बसलेली दिसली की माझी जीभ रंगमंचावर चढते.

"थांबा, थांबा! गवंडीदादा, दार वाढवा! मंदाताईंच्या मापाचं लिंटेल टाका!"

हशा पिकला. मंदाच सगळ्यांत मोठ्याने हसली. "दादा, तुझी जीभ आवर, लगेच जागा होईल," म्हणाली आणि अलगद मागे सरकली. पुन्हा आत यायला गेलीच नाही.

मी हसत वर पाहिलं. दार जितकं रुंद, तितकं लिंटेल जाड लागतं. दोन्ही टोकांना ते भिंतीत वीतभर टेकवावं लागतं. वरचा सगळा भार त्याने झेलावा, बाजूंना सोपवावा आणि खालून येणाऱ्याच्या डोक्यावर काहीच पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. मी मात्र दारात आलेल्या बहिणीच्याच डोक्यावर भार टाकून मोकळा झालो होतो. माझं हसू ओशाळलं.

"मंदा, मागच्या दाराने ये ना गं," मी हळूच म्हणालो.

"असू दे रे. इथूनच लावते."

तिने बाहेरून चौकटीला बोटं टेकवली. आतलं, माझ्या बाजूचं लाकूड कोरडंच राहिलं.