दोन रांजण खारं पाणी

फौजेतल्या लोकांच्या बायकांना रजेवर आलेला नवरा साडी आणायचा, फार तर ट्रान्झिस्टर आणायचा. आमच्या ह्यांनी मासा आणला.

हे नेव्हीत होते. मालवणला एका दोस्ताच्या घरी गेले, तिथल्या खडकांतून बोटभर लांबीचा हिरवा-तांबडा मासा धरला आणि दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून एसटीनं मलकापूरला घरी घेऊन आले. पाण्याला वारा लागावा म्हणून वाटभर कॅनमध्ये हात घालून ढवळत बसले होते म्हणे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एवढा वेळ माझा हात काही ह्यांनी धरला नव्हता.

कराडच्या फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करून घेतली. तळाला समुद्राची वाळू, वर शेवाळलेले दगड. आमच्या गल्लीतले ट्रकवाले चाचा गूळ घेऊन रत्नागिरीला जायचे, त्यांनी येताना समुद्राचं पाणी आणायचं कबूल केलं. त्या पाण्यानं पडवीतले दोन रांजण भरले. पेटीतलं थोडं पाणी काढायचं, रांजणातलं थोडं घालायचं, आणि दिवसातून चार-पाच वेळा तांब्यानं वरून धार धरायची, म्हणजे माशाला श्वास घेता येतो. हे सगळं मला शिकवून झालं. फक्त मासा काही खाईना.

कणीक, भात, गांडूळ, अंड्याचा बलक, सगळं घालून पाहिलं. मासा वास घ्यायला यायचा आणि नाक मुरडून दगडाआड जायचा. त्याचं पोट खपाटीला गेलं. वर संध्याकाळ झाली की गायब! पहिल्याच दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या, "मांजरानं न्हेला गं!" हे हसत सुटले. "न्हाई आई, वाळूत शिरून झोपतोय त्यो. सकाळी उठंल." आणि उठलाही.

रजा संपली तरी मासा उपाशीच. निघताना हे म्हणाले, "मी येस्तवर जगव त्येला." माझ्याकडे बघून नव्हे, पेटीकडे बघून म्हणाले. मला इतका राग आला की मी वेशीपर्यंतही गेले नाही. दारातूनच हात केला.

माशाला जेवायला लावलं ते आत्याबाईंनी. "जितं पायजे त्येला. हालतंय तेच खाणार," असं म्हणून त्यांनी कोयनेच्या काठी मासे विकणाऱ्या बाईकडून बारके झिंगे आणले. स्वतः कधी मासळीला हात न लावणारी बाई! खराट्याच्या काडीला झिंगा टोचला आणि दगडाजवळ हळूच थरथरवला. "खा रं बाळा," म्हणाल्या. मासा तिरका झाला, एक डोळा लावून बघत राहिला आणि चटकन झिंगा ओढला. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून नाचायच्याच राहिलो. मी लगेच पत्र टाकलं की तुमचा लाडका जेवला. ते पत्र ह्यांना मिळालं का, मला अजून ठाऊक नाही.

हिवाळ्यात लढाई सुरू झाली. रोज सकाळी आत्याबाई काडी हलवायच्या, मी धार धरायचे. मासा गुबगुबीत झाला. तो खातोय तोवर तिकडं सगळं ठीक आहे, असं आम्ही दोघी न बोलता धरून चाललो होतो. वेडेपणाच तो, पण त्या दिवसांत त्याच्यावरच आमचे घास घशाखाली उतरत होते.

मग तार आली. बोट बुडाली, हे बेपत्ता.

गल्लीतल्या बायका धावत आल्या. मी जोत्यावर बसले होते, आत्याबाई भिंतीला टेकून. घरात मरणाची बातमी आली की भरलेलं पाणी ओतून द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. बायकांनी हंडे ओतले, घागरी ओतल्या, पडवीतले दोन्ही रांजण कलंडवले. शेवटी पेटीही रिकामी केली. मासा तडफडताना दिसला तसा एका म्हातारीला कळवळा आला. "मुका जीव हाय," म्हणत तिनं आडाच्या ताज्या, गोड्या पाण्याच्या दोन कळश्या पेटीत ओतल्या. पडवीतून अंगणभर खारं पाणी वाहताना बघून मी उठले. मी पेटीशी पोचले तेव्हा मासा वाळूत शिरला होता.

आत्याबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. भावकीतली माणसं दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकायचं म्हणाली, तर त्या कडाडल्या, "बेपत्ता म्हंजे मेला न्हवं! पुतळ्याचं नाव काडायचं न्हाई." माझ्या बांगड्यांनाही कुणाला हात लावू दिला नाही. सकाळी काडी घेऊन पेटीपाशी बसायच्या. "झोपलाय," म्हणायच्या. "उठंल."

पेटीला वास सुटला. तरी वाळू उकरून बघायची माझीही छाती होत नव्हती.

एका दुपारी त्यांनीच पदर खोचला, पेटी परसात नेली आणि पाणी ओतलं. मग वाळूत बोटं घालून तांदळातले खडे शोधावेत तसं चाचपत राहिल्या. हाताला लागला. त्याचे रंग गेले होते. तळहातावर घेऊन त्यांनी बोटानं त्याच्या अंगाची वाळू पुसली आणि माझ्या लेकरा म्हणून जो हंबरडा फोडला, तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला. मी त्यांना धरलं. पुष्कळ वेळानं त्या शांत झाल्या. कढीपत्त्याच्या बुंध्याशी खड्डा केला, मासा ठेवला, माती लोटली.

"आवं आत्याबाई, चला आत," मी म्हणाले.

त्यांनी हात धुतले. "भावकीला निरोप धाड," म्हणाल्या, "पुतळा करा म्हणावं."

मी मान डोलावली आणि तार आल्यापासून पहिल्यांदा रडले.