बाकीचे बाहेर बसा

डॉक्टर कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या रत्नागिरीच्या दवाखान्यात झाली. मी नवा डॉक्टर, काम मागायला गेलो होतो. ताईंनी पेशंट समजून जीभ दाखवायला लावली. त्यांच्या साठीनिमित्त गोड लिहावं असा संपादकांचा आग्रह आहे. ते मला जमेलसं वाटत नाही.

ताईंचा एक नेम आहे. ज्याचं रक्त, त्यालाच आधी सांगायचं. आपल्याकडे पेशंटबरोबर अख्खं घर आत शिरतं, तिथे असा नेम पाळणं म्हणजे रोजचं भांडण.

नाटे गावचं एक बाळ रक्ताच्या आजाराने सुकत चाललं होतं. ताईंनी आईबापांचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. सोबत आलेल्या मावशीनेही, सुरेखाने, आपणहून हात पुढे केला. निघालं ते कुणीच न विचारलेलं. तोच आनुवंशिक दोष सुरेखातही होता. तिला स्वतःला त्रास नव्हता. नवऱ्यातही दोष असला तरच मुलांना धोका. आणि तिचं लग्न सख्ख्या मामेभावाशी ठरलेलं.

"बाकीचे बाहेर बसा," ताई म्हणाल्या. सुरेखाला ऐकायचं आहे का हे विचारून त्यांनी सगळं नीट समजावलं. तोवर बाहेर मामांनी, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, निकाल लावला होता, "येकटीला आत घेतलान, म्हंजे मोठाच कायतरी हाय." लग्न मोडलं.

ताई एस.टी.ने नाट्याला गेल्या. मुलाचं रक्त तपासू द्या, म्हणून मामांना विनवलं.

"आमच्या पोराला काय झालेला नाय. त्याचा रगत कशाला?"

पुढे ताईंनी वाचनालयात चार जाणत्यांना विचारलं, असं अनपेक्षित निघालं तर सांगावं का? सगळे म्हणाले, सांगायलाच हवं. "तुमच्या मुलीचं असेल तर?" ताईंनी विचारलं. सभा चहाकडे वळली. मला आपल्या सगळ्यांचीच शिसारी आली, अजून येते.

तेव्हापासून ताई प्रत्येकाला एकट्यालाच आत घेतात, साधं पडसं असलं तरी. बाहेरच्यांना काही ताडता येऊ नये म्हणून. लोक कुरकुरतात. सुरेखाचं लग्न झालंच नाही. ताईंनी तिला दवाखान्यात कामाला घेतलं. "बाकीचे बाहेर बसा" हे आता तीच म्हणते.

लेखात तुझं नाव बदलू का, मी तिला विचारलं.

"कशाला? सगळ्यांना ठावा हाय, डॉक्टर. पन ताईंनी आधी मला येकटीला सांगितलानी, त्येवढा लिवा."

लिहिलं. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. माणसं सुधारतील ही आशा मी सोडली आहे. निदान आत गेलेल्या पेशंटमागे ते दार बंद होत राहो.